बरं झाल्यावर जायचं कुठे?

चोरखमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातलं गाव. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचं जंगल आणि आसपास धानाच्या बांध्या. बाहेरच्यांना हे नाव ठाऊक असतं ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशद्वारामुळे. बेघर मनोरुग्णांच्या निवाऱ्याचा प्रश्न मला मुद्दाम अशा गावापासून मांडायचा आहे. आपल्याकडे या विषयावर जे थोडंफार बोललं जातं, ते मुंबई-पुण्याच्या फुटपाथाकडे पाहून. गावात बेघर नसतात, गाव आपल्या माणसाला सांभाळून घेतं, असं आपण धरून चालतो. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर माणसांची नोंद झाली. त्यांतली ८ लाख ३४ हजार ग्रामीण भागातली होती, म्हणजे जवळजवळ निम्मी.

समजा, धानकापणीच्या दिवसांत एक अनोळखी बाई चोरखमाऱ्यात येते. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग तिरोडा आणि गोंदियावरून जातो. कुठल्या तरी गाडीतून उतरून, मिळेल त्या रस्त्याने चालत ती इथवर आलेली असते. तिची भाषा कुणाला कळत नाही. ती कुणाच्या तरी सपरीत टेकते. केसांच्या जटा झालेल्या, पायाला जखम, हातात बोचकं. गाव निर्दय नसतं. कुणी ताटलीभर भात आणून देतं, कुणी जुनं लुगडं देतं. पण रात्री ती न दिसणाऱ्या कुणाशी मोठमोठ्याने भांडते. पोरं खडे मारतात. वाईट नजरेची माणसं सगळीकडे असतात, आणि पुढे जंगल आहे. दोन-चार दिवसांनी शहाणी माणसं म्हणतात, हिला इथे ठेवणं बरं नाही. निरोप पोलीस पाटलाकडे जातो.

यापुढे काय व्हायला हवं, ते कायद्यात स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा निराधार भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षण देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं. ती बेघर असेल, तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा आहे. चोरखमाऱ्याहून ही वाट तिरोड्याच्या रुग्णालयात, तिथून गोंदियाला आणि गरज पडली तर नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जाते. महाराष्ट्रात अशी चारच मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. चारही ब्रिटिश काळातली. खाटा सगळ्या मिळून ५,६९५, त्यांतल्या नागपूरच्या ९४०. विदर्भाचा भार या ९४० खाटांवर आहे.

या वाटेवर उशीर होतो, हयगय होते, तरी वाट आहे. परतीची वाट मात्र आपण बांधलेलीच नाही. औषधं लागू पडतात. झोप येऊ लागते, आवाज थांबतात, बाई स्वतःचं नाव सांगते, गावाचं नाव आठवते. डॉक्टर कागदावर लिहितात की आता रुग्णालयात राहण्याची गरज नाही. मग विचारलं जातं, हिला न्यायला कोण येणार? नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं असतं. माहेरी आईवडील गेलेले असतात, आणि भावाच्या घरी आधीच दोन खोल्यांत सात माणसं असतात. किंवा पत्ताच सापडत नाही. बरी झालेली बाई मग मनोरुग्णालयातच राहते. वर्षभर, पाच वर्षं, कधी जन्मभर. देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची २०१८ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा सुमारे ३६ टक्के रुग्ण वर्षाहून अधिक काळ तिथे राहत असल्याचं आढळलं. त्यांतल्या अनेकांना आजाराने तिथे अडकवलेलं नव्हतं. त्यांना जायला घर नव्हतं, एवढंच.

कायदा बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणूनच कलम १९ मध्ये लिहिलं आहे की, कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. रुग्णालय आणि घर यांच्या मधली अर्धवाट गृहं, सामूहिक घरं अशा कमी बंधनांच्या सोयी सरकारने वाजवी मुदतीत उभ्या कराव्यात, असंही तिथेच म्हटलं आहे. आणि घडलं काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बऱ्या झालेल्या माणसांच्या पुनर्वसनाचे निर्देश दिले. त्यानंतर चार वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, त्याच न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला खडसवावं लागलं. कारण राज्यात अशा माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात होतं. हे कायद्याच्या हेतूच्या विरुद्ध आहे आणि ताबडतोब थांबवा, असं न्यायालयाने बजावलं. ज्या बाईने कधी हात पसरला नाही तिला भिकारी ठरवायचं आणि तिशीतल्या माणसाला म्हाताऱ्यांत नेऊन ठेवायचं, याला पुनर्वसन म्हणता येत नाही. कागदावरचा आकडा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेला, इतकंच.

माझं म्हणणं सरळ आहे. बेघर मनोरुग्णाला घर देणं हा उपचाराचा पहिला भाग आहे. ते घर त्याच जिल्ह्यात, साध्या वस्तीत, चार-पाच माणसांचं असावं आणि त्याच्यामागे कायमचा आधार असावा. आपण आजवर उलटा क्रम लावला: आधी बरा हो, मग शहाण्यासारखा वाग, मग कागद आण, मग पाहू. या क्रमात माणूस पुन्हा रस्त्यावर येतो आणि आपण म्हणतो, हा आजारच तसा आहे.

स्किझोफ्रेनियाच्या माणसाला सांगतात की गोळी रोज रात्री ठरल्या वेळी घ्या. गोळीची पट्टी ठेवायची कुठे? बसथांब्यावर झोपणाऱ्याचं बोचकं चोरीला जातं, पावसात भिजतं. गोळीने गुंगी येते, आणि रस्त्यावरच्या बाईला गुंगीत झोपणं परवडत नाही. तिला रात्रभर जागं राहावं लागतं. झोप मोडली की आजार उसळतो. पुढच्या महिन्याच्या तारखेला रुग्णालयात जायला बसभाडं लागतं आणि आज कुठली तारीख आहे हेही ठाऊक असावं लागतं. दाराला आतून कडी, डोक्यावर पत्रा, कोपऱ्यात पाण्याची घागर आणि भिंतीवर कॅलेंडर एवढं असेल, तरच डॉक्टरची चिठ्ठी कामाची.

मग आपल्या घरकुल योजना या माणसापर्यंत का पोहोचत नाहीत? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, किमान २५ चौरस मीटरचं घर बांधायचं असतं, आणि पायापासून छतापर्यंत फोटो काढत हप्ते सुटतात. योजना चांगली आहे. तिच्यामुळे गावोगाव कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या. पण तिच्या मुळाशी ‘कुटुंब’ आहे. यादीत नाव कुटुंबाचं, जागा कुटुंबाची, सोबत आधार कार्ड, जॉबकार्ड, बँकेचं पासबुक. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत तर निवारा नसलेल्या आणि भिक्षेवर जगणाऱ्या कुटुंबांना आपोआप पात्र धरलं होतं. तरी जो एकटा आहे, ज्याच्याकडे गुंठाभर जागा नाही, ज्याला ग्रामसभेत हात वर करणारा कुणी नाही, तो त्या यादीत येणार कसा? आणि त्याला पैसे दिलेच, तरी गवंड्याशी बोलणं करून, रेती आणून तो घर बांधेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

शहरी बेघरांसाठी निदान रात्रनिवाऱ्यांचा नियम आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात लाखभर वस्तीमागे शंभर माणसांचा कायमस्वरूपी निवारा सांगितला होता. गावासाठी असं काहीच नाही. त्यामुळे चोरखमाऱ्यात आलेल्या बाईपुढे दोनच वाटा उरतात: शंभराहून अधिक किलोमीटरवरचं मनोरुग्णालय, किंवा पुढचं गाव.

तरीही कायद्याने एक दार उघडं ठेवलेलं आहे आणि आपण त्याला हातही लावलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मानसिक आजारालाही दिव्यांगत्वात धरतो. त्याच्या कलम ३७ नुसार घरांच्या सर्व योजनांत ४० टक्के आणि त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. ग्रामपंचायतींनीही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. या पाच टक्क्यांतून सायकल आणि कुबड्या दिल्या जातात, आणि त्या द्यायलाच हव्यात. पण त्यातून मानसिक आजार असलेल्या निराधार माणसाच्या घराचं भाडं भरलं गेलं, असं किती ग्रामपंचायतींच्या ठरावांत सापडेल? दिसणारं अपंगत्व आपल्याला कळतं. न दिसणाऱ्याला आपण स्वभाव समजतो, नाहीतर करणी.

या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठं काम झालेलं आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन फाउंडेशन सुरू केलं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलायचं, उपचार करायचे आणि त्यांचं गाव शोधून घरी पोहोचवायचं, हे ते करत आले. त्यांचं कर्जतचं केंद्र उभं राहण्यामागे बाबा आमटे यांची प्रेरणा होती. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसांना या कामाचा आधार मिळाला होता. वर्षानुवर्षं मेला समजलेला मुलगा दारात उभा राहतो, तेव्हा अनेक घरं त्याला मिठी मारतात, हे या कामाने दाखवून दिलं. कुटुंबं सगळीच कठोर असतात, हा समज त्याने खोडला.

पण सगळं धोरण याच एका पायावर उभं करता येणार नाही. काहींचं घरच त्यांच्या आजाराचं कारण असतं. काहींना परत नेलं की औषध बंद होतं आणि वर्षभरात ती पुन्हा रेल्वे फलाटावर दिसतात. बायकांचं तर आणखी अवघड. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. पण तेवढीही तसदी न घेता बायकोला मनोरुग्णालयात दाखल करून निघून गेलेले नवरे आहेत. तिच्या नावावर सासरी जमीन नाही आणि माहेरी तिने हक्कसोड केलेली. तिला ‘घरी पोहोचवायचं’ म्हणजे कुठे? कुटुंबाच्या घरात राहण्याच्या हक्कासाठी सरकारने कायदेशीर मदत द्यावी, असं मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १९ म्हणतं. ही मदत मिळायलाच हवी, आणि जिला त्या घरात जायचंच नाही, तिच्यासाठी दुसरं घर हवं.

दुसरं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आश्रम येतो: गावाबाहेर मोठी जागा, शे-दोनशे माणसं, देणगीदारांच्या नावाची पाटी. विदर्भाला याची सवय आहे. कुष्ठरोग्यांसाठी वर्ध्याजवळ मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूर, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारलं. समाजाने हाकललेल्यांना या जागांनी छप्पर दिलं, काम दिलं आणि त्या कामातून मान दिला. काम आणि छप्पर हेच औषध असतं, हे या मातीने तेव्हाच शिकवलं. पण तेव्हा वेगळ्या वसाहती बांधाव्या लागल्या, कारण गावाची दारं बंद होती. ती बंदच राहणार असं आजही गृहीत धरून आणखी मोठ्या वसाहती बांधायच्या का? मोठ्या संस्थेत माणसाची वेळ, जेवण, कपडे, सगळं दुसरा ठरवतो. देखरेख ढिली पडली, की अशी जागा कुठल्या थराला जाते ते देशाने ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिलं. तमिळनाडूत एरवाडी इथे एका छपराला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. साखळी आता कायद्याने बंद आहे. पण माणसाला नजरेआड ठेवायची आपली सवय कायद्याने जात नाही.

वेगळा रस्ताही देशात आहे. १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी चेन्नईत ‘द बॅनियन’ ही संस्था बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी सुरू केली. अनेक वर्षांच्या अनुभवानंतर २०१५ मध्ये त्यांनी ‘होम अगेन’ हा उपक्रम काढला. वर्षानुवर्षं संस्थेत काढलेल्या बायकांना विचारलं, कुणासोबत राहायला आवडेल? चार-पाच जणींचा गट जमला की साध्या मोहल्ल्यात किंवा खेड्यात घर भाड्याने घ्यायचं. मदतीला एक साहाय्यिका. ज्यांना जास्त गरज त्यांच्यासोबत राहणारी, ज्यांना कमी त्यांच्याकडे येऊन-जाऊन असणारी. बाजार, स्वयंपाक, शेजारच्या बारशाला जायचं की नाही, भाजीत मिरची किती, हे त्या बायकांनी ठरवायचं. भांडणं होतात, अबोले धरले जातात, पुन्हा चहा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये समाजाधारित मानसिक आरोग्यसेवेची मार्गदर्शिका काढली, तेव्हा तिच्यात या उपक्रमाची दखल घेतली.

परदेशात याच विचाराला मोठा पुरावा आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘आधी घर’ हे तत्त्व लावलं: घर देताना व्यसन सोडण्याची किंवा औषध घेण्याची अट घालायची नाही, आधी किल्ली हातात द्यायची आणि मग मदत घेऊन दारी जायचं. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर मनोरुग्णांसह हे पडताळून पाहिलं. ज्यांना आधी घर मिळालं, ते नेहमीच्या पद्धतीतल्या लोकांपेक्षा घरात स्पष्टपणे जास्त काळ टिकले. त्याच अमेरिकेचा इतिहास उलटा धडाही देतो. तिथे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मनोरुग्णालयं रिकामी केली गेली. समाजात उभ्या करायच्या सोयी मात्र अपुऱ्या राहिल्या, आणि बरीच माणसं फुटपाथावर आणि तुरुंगात गेली. नुसतं दार उघडून भागत नाही.

आणि गाव हे करू शकेल का, असं कुणी विचारलं तर बेल्जियममधलं गील पाहावं. तिथली कुटुंबं मध्ययुगापासून मनोरुग्णांना घरात ठेवून घेत आली आहेत. १९३० च्या दशकात असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे त्या एका गावात राहत होते. आपल्याकडे इतक्या दूर जायचंही कारण नाही. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभू राहत होते. लोक त्यांना वेडे म्हणत. ते कुणाच्याही घरात शिरत, काहीही उचलून खात, मनाला येईल तसं बोलत. तरी गावाने त्यांना धरून ठेवलं, आणि म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या. महानुभाव पंथीयांसाठी ते ईश्वराचा अवतार होते, त्यामुळे या उदाहरणाला मर्यादा आहे. ज्याच्यात आपण देव पाहतो त्याचं वेड सोसणं सोपं. अनोळखी बाईचं वेड सोसायला श्रद्धेइतकीच व्यवस्थाही लागते. पण वऱ्हाडातल्या एका गावाने वेगळ्या वागणुकीच्या माणसाला रोजच्या जगण्यात जागा करून दिली होती, ही आपल्या घरातली गोष्ट आहे.

यावरचे आक्षेप खरे आहेत आणि ते टाळून चालणार नाही. गावातला पहिला प्रश्न असेल, आमचंच घरकुल यादीत अडकलंय, आणि बाहेरून आलेल्या वेडीला घर? हा राग मला समजतो. पण इथे कुणाच्या घरकुलाचा निधी वळवायचा नाही. दिव्यांगांसाठीचे पाच टक्के आहेत, मनोरुग्णालयात विनाकारण अडकलेल्या खाटेवरचा खर्च आहे. रोजगारासाठी माणसं बाहेर गेली, की गावोगाव घरांना कुलूप लागतं. त्यांतलंच एखादं भाड्याने घेतलं, तर भाडं गावातच राहील आणि साहाय्यिकेचा पगारही गावातल्याच बाईला मिळेल. दुसरा प्रश्न भीतीचा. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांनी हिंसा करण्यापेक्षा ती हिंसेला बळी पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. उपचार आणि सोबत असली तर धोका आणखी कमी होतो. तरी एखाद्या रात्री कुणी बिथरेल, हे मान्य करून चाललं पाहिजे. तेव्हा फोन कुणाला करायचा, गाडी कुठून येईल, हे आधी ठरलेलं असावं. तिसरा प्रश्न कुटुंबाचा: सरकार घर देतं म्हटल्यावर लोक आपली माणसं आणून टाकतील. टाकणारे आजही टाकतात, रेल्वे स्थानकावर. ज्यांना सांभाळायचं आहे त्यांचा भार हलका केला, त्यांना औषध गावात आणि पेन्शन वेळेवर मिळाली, तर टाकण्याची वेळ कमी येईल.

तिरोड्यासारख्या एका तालुक्यात सुरुवात करायला काय लागेल? तालुक्याच्या गावी रुग्णालयाजवळ एक घर, जिथे नुकतीच मनोरुग्णालयातून आलेली माणसं काही महिने राहतील. मग दोन-तीन गावांत चार-पाच जणांची भाड्याची घरं. गावातल्याच, प्रशिक्षण घेतलेल्या आणि नियमित पगार मिळणाऱ्या साहाय्यिका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने ठरल्या दिवशी येऊन तपासायचं आणि औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळायचं. पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येकाचं आधार कार्ड, बँक खातं आणि दिव्यांग प्रमाणपत्र तयार व्हायला हवं. संजय गांधी निराधार योजनेची मदत २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार रुपये झाली. तिच्यावर घर चालत नाही, पण ज्याच्या हातात कधी स्वतःचा पैसाच नव्हता त्याला बाजारात उभं राहता येतं. ज्याला झेपेल त्याला रोजगार हमीवर, रोवणीला, मोहफुलं वेचायला सोबतीने नेता येईल. आणि मुख्य म्हणजे, आज आरोग्य, दिव्यांग कल्याण, महिला व बालविकास, ग्रामविकास आणि पोलीस एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यांच्यावर जिल्ह्यात एकच जबाबदार अधिकारी हवा. बरं झाल्याचा कागद निघाल्यापासून तीस दिवसांत माणूस घरात गेला नाही, तर त्याने कारण लेखी द्यावं.

यातली काही घरं फसतील. कुणी औषध सोडेल, कुणी एका पहाटे निघून जाईल आणि सापडणार नाही. घर फसलं म्हणून धोरण चुकलं असं म्हणायची घाई करू नये. शाळेतून मुलं गळतात म्हणून आपण शाळा बंद करत नाही. निघून गेलेला माणूस परतला, तर त्याची खाट त्याच्यासाठी राखलेली असावी.

गोंदियाच्या जिल्हा नियोजन समितीने पुढच्या आराखड्यात तिरोडा तालुक्यातल्या अशा पहिल्या दोन घरांचं भाडं आणि साहाय्यिकांचे पगार मांडावेत. चोरखमाऱ्यासारख्या ग्रामपंचायतींनी दिव्यांग निधीतला वाटा देण्याचा ठराव ग्रामसभेत करावा. नागपूरच्या मनोरुग्णालयात बऱ्या होऊन बसलेल्या, गोंदिया जिल्ह्याच्या माणसांची यादी मागवावी. समाजात राहण्याचा हक्क कायद्याने २०१७ मध्येच दिला आहे. त्या यादीतल्या पहिल्या पाच जणांना घराची किल्ली देण्यासाठी कुठल्याही नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.